बौद्ध: धर्म, तत्त्वज्ञान की आणखी काही?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

माणगाव परिषदेच्या धाग्यावर चर्चा भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथं "बौद्ध हा धर्म नव्हेच, ते तत्त्वज्ञान आहे" हे एकच वाक्य तिघांनी तीन अर्थांनी वापरलं. एकाचं म्हणणं, यात देव नाही. दुसऱ्याचं, यात कर्मकांड नाही. तिसऱ्याचं, बुद्ध मानायला आहे तो धर्म सोडावा लागत नाही. तिन्ही दावे वेगळे आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिल्यापुरतं मीच लिहून टाकतो. पाली त्रिपिटकात देव भरपूर आहेत. थेरवाद परंपरेत अस्तित्वाच्या ३१ पातळ्या मोजतात, त्यातल्या बहुतेक देव-ब्रह्मांच्याच. बोधीनंतर हे कुणाला शिकवू नये असं बुद्धांच्या मनात आलं, तेव्हा विनवायला आला तो ब्रह्मा सहम्पती. सक्क म्हणजे आपला इंद्र, तो तर जागोजागी भेटतो. पण यांपैकी कुणी जग घडवलेलं नाही, कुणी मुक्ती देत नाही, आणि आयुष्य सरलं की तेही मरतात. तेव्हा 'देव नाहीत' हे चूक, 'निर्माता नाही, तारणहार नाही' हे बरोबर.

बाकीच्या दोन दाव्यांवर जाणकारांनी लिहावं. फक्त कुठल्या परंपरेबद्दल बोलताय ते आधी सांगा. पाली त्रिपिटक, बाबासाहेबांनी मांडलेला धम्म, तिबेट-जपानकडचा महायान हे सगळं एका पोत्यात भरलं की भांडण मिटत नाही.

कागलकर

भावा, धागा वजनदार काढलास. आता साधं सांग. अर्जात 'धर्म' म्हणून रकाना असतोय, 'तत्त्वज्ञान' म्हणून नसतोय. तिथं काय लिवायचं?

बिंदूचौक

कागलकर दादा, तिथं 'बौद्ध' लिहायचं. आणि प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण आपल्याकडे याचं उत्तर कागदावर चुकलं की नुकसान होतं.

जनगणनेत धर्म म्हणजे माणूस सांगेल तो. २०११ च्या तक्त्यात सहा धर्मांना सांकेतिक आकडे होते, बौद्धांचा ५. देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात. गडबड दोन ठिकाणी होते. प्रगणक आडनाव बघून न विचारताच 'हिंदू' टाकू शकतो, म्हणून उत्तर स्पष्ट द्यायचं आणि काय लिहिलं ते बघायचं. दुसरी गडबड आपल्या बाजूची. अनुसूचित जातीच्या प्रश्नालाही 'बौद्ध' असंच उत्तर दिलं जातं. यादीत बौद्ध नावाची जात नाही, त्यामुळे ती नोंद अनुसूचित जातीत बसत नाही. धर्माला 'बौद्ध' आणि जातीला यादीतलं मूळ नाव, अशी दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतात. जात सोडायला धर्म बदलला आणि सवलतीसाठी जातच सांगायची, हा सल आहेच. पण तक्त्यात सलाला रकाना नाही.

जातीच्या दाखल्याचंही तेच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असते, वडिलांच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' असतं, आणि साखळी मधेच तुटते. मग वंशावळीचं शपथपत्र आणि जुना महसुली किंवा शाळेचा उतारा जोडून ती सांधावी लागते. राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो, एकावर दुसरीकडचं काम भागेल असं धरू नका.

आता धाग्याच्या विषयाकडे. अनुसूचित जातींबद्दलचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश मुळात हिंदूंपुरता होता (पंजाबातल्या काही शीख जाती सोडून). १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले १९९० मध्ये. मधली ३४ वर्षं धर्मांतरितांना केंद्राच्या सवलती नव्हत्या, महाराष्ट्राने आपल्यापुरत्या दिल्या. तत्त्वज्ञान बदललं म्हणून कुणाची सवलत जात नाही हो. धर्म बदलला म्हणूनच गेली.

ध_चा_मा

बिंदूचौक ताई, माहिती उपयोगाची आहे, पण सातबाऱ्यावर 'पड' लिहिलं म्हणून जमीन नापीक ठरत नाही. सरकार काय म्हणतं त्यावरून वस्तू काय आहे हे कसं ठरणार?

मी तत्त्वज्ञानाची बाजू मांडतो. पाली आणि संस्कृत दोन्ही धरून बोलतोय.

पाली त्रिपिटकातल्या मज्झिम निकायात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू दहा प्रश्न घेऊन येतो. जग शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, वगैरे. धर्मसंस्थापक अशा प्रश्नांवर हटकून बोलतो. इथं उत्तर नाकारलंय, आणि का नाकारलं ते सांगितलंय: विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचं कूळ आणि धनुष्याची दोरी कशाची होती याची चौकशी करत बसला तर उत्तराआधी मरेल. मिलिंदपञ्हात नागसेन ग्रीक राजाला रथाचे भाग एकेक दाखवून विचारतो, यात रथ कुठला? आस रथ नाही, चाक रथ नाही, जू रथ नाही. 'रथ' हे या सगळ्यांच्या मिळून असण्याला दिलेलं नाव. तसंच 'नागसेन'. याला विश्लेषण म्हणतात, श्रद्धा नव्हे.

पुढे नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेची २७ प्रकरणं, दिङ्नाग आणि धर्मकीर्तीचं प्रमाणशास्त्र, म्हणजे ज्ञान खरं कशावरून याचं शास्त्र. नैयायिक आणि मीमांसक कित्येक शतकं यांच्याशी वाद घालत राहिले. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकानंतर लगेच बौद्ध दर्शन येतं. आपल्याच परंपरेनं त्याला 'दर्शन' म्हटलंय.

आणि कालामसुत्त आहेच. परंपरा, ग्रंथ, गुरू कुणावर विसंबू नका, स्वतःची बुद्धी वापरा. असं सांगणारा धर्म दुसरा दाखवा.

अत्तदीप

ध_चा_मा, बाकी सगळं ठीक, पण कालामसुत्ताचा तुम्ही आत्ता ध चा मा केलात.

केसमुत्त गावच्या कालामांना ज्या दहा आधारांवर विसंबू नका म्हटलंय ते मोजून बघा: मा अनुस्सवेन (ऐकीव), मा परम्पराय, मा इतिकिराय (म्हणे असं आहे), मा पिटकसम्पदानेन (ग्रंथात आहे म्हणून), मा तक्कहेतु, मा नयहेतु, मा आकारपरिवितक्केन, मा दिट्ठिनिज्झानक्खन्तिया (आपल्या मताशी जुळतं म्हणून), मा भब्बरूपताय (सांगणारा लायक दिसतो म्हणून), मा समणो नो गरु (हा श्रमण आपला गुरू म्हणून). पाचवा आणि सहावा पुन्हा वाचा. नुसता तर्क आणि नुसतं अनुमान हेही नाकारलेल्या यादीत आहेत. फलकांवर आणि भाषणांत पहिले चार आणि शेवटचा येतो, मधले गळतात. मग हे सूत्र बुद्धिवादाचा जाहीरनामा वाटायला लागतं.

मग कसोटी कुठली? स्वतः जाणा की ही गोष्ट अकुशल आहे, सदोष आहे, जाणत्यांनी निंदलेली आहे, आचरली तर अहित आणि दुःख देते. म्हणजे आचरून येणारं फळ, आणि वर जाणत्यांचं मत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही कसोटी चालत नाही. तिथं युक्तिवाद बिनचूक असला की पुरे.

माझं म्हणणं एका ओळीवर आहे. पंचशीलातलं पहिलं घ्या: 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि'. शब्द सुटे करतो.

पाणातिपाता म्हणजे प्राण घेण्यापासून. ही पंचमी आहे.
वेरमणी म्हणजे विरत होणं, दूर राहणं.
सिक्खापदं म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी.
समादियामि म्हणजे मी नीट उचलून घेतो. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळ, एकवचन.

'हत्या करू नकोस' असं कुणी वरून सांगितलेलं नाही, इथं आज्ञार्थ नाही. 'हत्या वाईट आहे' असं विधानही नाही. आज्ञा असती तर मोडल्यावर आज्ञा देणाऱ्याचा अपराध झाला असता. विधान असतं तर ते खरं की खोटं यावर वाद घालता आला असता. ही उचललेली पायरी आहे. मोडली तर पुढच्या उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, पुन्हा घेतात. शंभर माणसं एका सुरात म्हणत असली तरी क्रियापद 'समादियाम' होत नाही, 'समादियामि'च राहतं. प्रत्येकाने आपापली घ्यायची.

'धर्म की तत्त्वज्ञान' यातल्या दोन्ही खणांत ही ओळ बसत नाही, आणि बौद्ध घरात रोज म्हटली जाते ती हीच.

कागलकर

रोज म्हणतोय पण पंचमी-बिंचमी कुणी सांगितली न्हवती. नाद खुळा सर.

शिरोळ_तालुका

एक निरीक्षण. आमच्याकडे शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात गावोगाव बस्ती, म्हणजे जैन मंदिरं, आहेत, नांदणीला मठ आहे. जैनांतही निर्माता ईश्वर नाही. अनेकान्तवाद आणि स्याद्वाद आहे, प्रमाणशास्त्र आहे, सर्वदर्शनसंग्रहात जैनांचं प्रकरणही आहे. तरी "तुमचा धर्म की तत्त्वज्ञान?" असं जैनांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. प्रश्न फक्त बौद्धांनाच का येतो?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

शिरोळ, बरोबर जागी बोट ठेवलंत. एक कारण असं की बौद्ध परंपरा भारतात क्षीण झाल्यावर तिची ओळख परत आली ती पुस्तकांतून. ब्यूर्नूफचा फ्रेंच ग्रंथ १८४४ चा, ऱ्हिस डेव्हिड्सने पाली टेक्स्ट सोसायटी काढली १८८१ मध्ये. या मंडळींच्या टेबलावर पोथ्या होत्या, समोर विहार नव्हता. पोथीतला बुद्ध विचारवंत दिसला, आणि श्रीलंका-ब्रह्मदेशातली पूजा, धातुदर्शन (अस्थींचं दर्शन), परित्त (रक्षणासाठीचं सूत्रपठण) हे सगळं 'नंतरची भर' ठरलं. जैनांचं तसं झालं नाही, कारण बस्तीत रोज अभिषेक चालूच होता.

दुसरं कारण आपल्या घरचं आहे. १९५६ नंतर बौद्ध कोण झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. "ते तत्त्वज्ञान आहे, छान आहे" म्हटलं की धर्मांतराची दखल घ्यावी लागत नाही. सगळेच असं म्हणून बोलतात असा आरोप नाही. पण तिसऱ्या दाव्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आडवाटेची_लेणी

ग्रंथांवर चर्चा झाली, थोडं दगडांवर बोलू. तेही कोल्हापूरच्याच.

१८७७ मध्ये कोल्हापुरातच एका स्तूपाच्या खोदाईत स्फटिकाचा धातुकरंडक, म्हणजे अस्थी ठेवायची डबी, निघाला. तो ज्या दगडी पेटीत होता तिच्या झाकणावर दानाचा ब्राह्मी लेख आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तिथली सातवाहनकालीन वस्ती व्यापाराने भरभराटलेली होती. पोसायडनची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे समुद्रापलीकडून माल येत होता त्या काळात इथं कुणीतरी पैसा खर्चून अस्थी स्फटिकात ठेवत होतं आणि वर स्तूप उभारत होतं. तत्त्वज्ञाच्या अस्थींचं असं कोण करतं?

जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी आहेत, कराडजवळ आगाशिव आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांचा आराखडा एकदा डोळ्यांत बसवून घ्या. विहार म्हणजे मधे मोकळं दालन आणि कडेने एकेका भिक्खूच्या खोल्या. चैत्य म्हणजे आत स्तूप आणि भोवती फिरायला वाट. खोल्या पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत. ती फिरायची वाट प्रदक्षिणेसाठी. एवढा कातळ फोडून प्रदक्षिणामार्ग काढलाय, आणि आपण म्हणायचं यात कर्मकांड नाही?

आता फारसं कुणी सांगत नाही ते. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य. त्याच्या शके १०३२, म्हणजे इ.स. १११० च्या ताम्रपटात आहे की मिरज देशातल्या इरुकुडी गावी त्याने गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत् (जैनांचा जिन) अशा तिघांची स्थापना करून तिघांना वेगवेगळ्या जमिनी दिल्या. बाराव्या शतकातल्या या भागात बुद्ध देवळात होता आणि त्याच्या नावावर शेत होतं. शिरोळकर, तुमचा अर्हत् शेजारच्याच देवळात.

ध_चा_मा

मार्क्सच्या थडग्यावरही लोक फुलं वाहतात, म्हणून मार्क्सवाद धर्म होत नाही. पण प्रदक्षिणामार्गाला उत्तर नाही, ते मान्य. 'यात कर्मकांड नाही' हा दावा मागे घेतला. कालामसुत्ताबद्दल अत्तदीप सरांचाही मुद्दा मान्य. तर्कहेतू यादीत आहे हे माहीत असून सोयीने विसरलो.

एक मात्र राहतं. आपण 'धर्म' म्हणतो तेव्हा मनात इंग्रजीतला रिलिजन असतो, आणि मराठीतला धर्म त्याहून रुंद आहे. 'दानधर्म', 'धर्मशाळा', 'शेजारधर्म' यांत रिलिजन कुठाय? ही अडचण आजची नाही. अशोकाचा द्वैभाषिक लेख १९५८ मध्ये कंदाहारला सापडला, ग्रीक आणि अरामाईक. 'धम्म'साठी ग्रीकमध्ये 'युसेबिया' घातलंय, म्हणजे पूज्यांबद्दलचा आदर, सद्भक्ती. अरामाईकमध्ये सत्य अशा अर्थाचा शब्द आहे. एकाच दगडावर एक भाषांतर भक्तीकडे झुकलं आणि दुसरं सत्याकडे. आपला हा धागा तेव्हापासून चालू आहे म्हणायचं.

(अशोकाचा धम्म आणि बुद्धाचा धम्म एकच नव्हेत, हे कुणी सांगायच्या आत मीच लिहितो.)

अवांतर: आज ज्याला आपण वेगवेगळे धर्म-पंथ म्हणतो त्यांच्यासाठी अशोक बाराव्या शिलालेखात 'पासंड' वापरतो, सन्मानानं. सगळ्या पासंडांचं सार वाढावं म्हणतो. त्याच शब्दाचं पुढं पाखंड झालं आणि शिवी झाली.

अत्तदीप

छान. त्यात 'सासन' जोडा. थायलंड, ब्रह्मदेश, श्रीलंका इथं परंपरेचं स्वतःचं नाव बुद्धसासन. आपल्याकडे शासन म्हटलं की मंत्रालय आठवतं, पण मूळ अर्थ शिकवण आणि शिस्त असा जोडीने आहे. या शिस्तीच्या बाजूकडे धाग्यात अजून कुणी गेलेलं नाही. ती म्हणजे विनय.

थेरवादी भिक्खूच्या पातिमोक्खात २२७ नियम: पाराजिक ४, संघादिसेस १३, अनियत २, निस्सग्गिय ३०, पाचित्तिय ९२, पाटिदेसनीय ४, सेखिय ७५, अधिकरणसमथ ७. पाराजिक घडलं की भिक्खुपण संपलं. संघादिसेस घडलं तर संघ शिक्षा ठरवतो आणि परत घ्यायला २० भिक्खू लागतात. सेखिय म्हणजे जेवताना मचमच आवाज करू नये इथपर्यंत.

उपसंपदेची, म्हणजे भिक्खू म्हणून संघात घेण्याची, रीत बघा. वय २० पूर्ण हवं. मध्यदेशात किमान १० भिक्खू, सीमेवरच्या प्रदेशात ५. उमेदवाराला विचारतात: कुष्ठ आहे का, अपस्मार आहे का, माणूस आहेस ना, पुरुष आहेस ना, स्वतंत्र आहेस ना, कर्ज नाही ना, राजाच्या नोकरीत नाहीस ना, आईवडिलांची परवानगी आहे का, पात्र-चीवर आहे का. मग संघापुढे एकदा ज्ञप्ती, म्हणजे ठराव, मांडतात आणि तीनदा घोषणा करतात. गप्प राहणं म्हणजे संमती.

यात काय बिघडतं ते महत्त्वाचं. सगळं विधिवत झालं, पण सीमा (विधीच्या जागेची आखलेली हद्द) नीट बांधलेली नव्हती किंवा गणसंख्या एकाने कमी पडली, तर ते कर्मच अवैध. उमेदवाराची प्रज्ञा कितीही असो. याच सीमेच्या प्रश्नावरून थेरवाद देशांत अख्ख्या परंपरा पुन्हा उपसंपदा घेत आल्यात. तत्त्वज्ञानाला गणपूर्ती लागत नाही. ही संस्था आहे, तिला घटना आहे आणि तिचं कामकाज चालतं.

धागाकर्त्यांचा तिसरा दावा राहिला. पाली ग्रंथांत उपाली गहपती निगंठांचा, म्हणजे जैनांचा, मोठा उपासक. बुद्धांशी वाद घालायला गेला आणि उपासक व्हायला तयार झाला. बुद्ध म्हणतात, तुझ्यासारख्या नामांकित माणसाने नीट तपासून ठरवावं. आणि वर सांगतात, तुझं घर निगंठांना पाणवठ्यासारखं आहे, त्यांना भिक्षा देणं थांबवू नकोस. त्या काळी सरण घेणं म्हणजे दुसऱ्याचं दार बंद करणं नव्हतं. तेवढ्यापुरता तो दावा खरा.

बिंदूचौक

त्या काळापुरता. १९५६ चा मामला वेगळा, कारण सोडायची होती ती जात, आणि ती धर्मात रुतलेली होती. १४ ऑक्टोबरला नागपुरात आधी महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेब आणि माईसाहेबांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. नंतर बाबासाहेबांनी स्वतः लोकांना दिलं आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. देवदेवतांची उपासना करणार नाही, बुद्ध विष्णूचा अवतार मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून विधी करवून घेणार नाही, आणि १९ वी थेट हिंदू धर्माच्या त्यागाची. उपालीची भिक्षा चालू ठेवण्याची मोकळीक इथं कशी द्यायची? ज्यांच्या दारात पाणी मिळत नव्हतं ते भिक्षा देणारे नव्हते.

आणि बाबासाहेबांना नुसतं तत्त्वज्ञान पुरलं असतं तर त्यांनी 'बौद्ध पूजा पाठ' संकलित केला नसता, १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा काढली नसती. शब्दांच्या बाबतीत ते चोखंदळ. १९५० च्या लेखाच्या इंग्रजी मथळ्यात ते 'बुद्धाचा रिलिजन' म्हणतात, १९५७ ला निघालेल्या ग्रंथाच्या नावात 'धम्म' आलाय. त्या ग्रंथात रिलिजन आणि धम्म यांचा फरक करणारा भागच आहे: रिलिजन ज्याचा त्याचा खासगी म्हणतात, धम्म सामाजिक आहे. एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोघं एकत्र आले की आहे. ईश्वराच्या जागी नीती. तत्त्वज्ञान तर एकट्याला खोलीत बसून करता येतं. म्हणजे त्यांच्या लेखी ते दोन्ही शब्दांपलीकडचं होतं. चार आर्यसत्यं आणि पुनर्जन्म यांच्या त्यांच्या मांडणीवर परंपरेतून टीका झाली, ती टीका काय आहे हेही वाचावं. त्याने धम्म मोडत नाही.

मौन_दहा_दिवस

आळत्याच्या धम्मालय या विपश्यना केंद्राबद्दल कुणी लिहिलं नाही. गोएंका गुरुजींच्या पद्धतीत विपश्यना असांप्रदायिक म्हणून सांगतात, सगळ्या धर्मांचे लोक बसतात. रचना अशी: १० दिवसांचं शिबिर, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, पहाटे ४ ची घंटा, नव्या साधकाला ५ शीलं, जुन्याला ८. साडेतीन दिवस आनापान, मग विपश्यना, शेवटी मैत्री. नव्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे श्वास मुद्दाम लांबवणं आणि सोबत मंत्र म्हणणं. आनापानात श्वास येतो तसा बघायचा असतो, नियमन केलं तर तो प्राणायाम झाला. याला काय म्हणाल, धर्म की तंत्र?

अत्तदीप

शिबिराची सुरुवात त्रिसरण आणि शील घेऊनच होते ना? तंत्र मागाहून येतं. आनापानसतिसुत्तातल्या १६ पायऱ्यांपैकी पहिल्या दोन ('पजानाति', जाणतो) सोडल्या तर बाकीच्याही 'सब्बकायपटिसंवेदी अस्ससिस्सामीति सिक्खति' अशाच येतात. पुन्हा तोच 'सिक्खति'. शिकतो. शब्द बदलला नाही.

कागलकर

सगळं पटलं. आता एक घरगुती. आमच्यात लग्न आहे, पावणे म्हणतात बौद्ध पद्धतीत विधीच नसतोय तर मंडप कशाला. विधी काय असतोय ते क्रमाने सांगा कुणीतरी. कोर्टात चालतंय न्हवं?

बिंदूचौक

विधी असतो, पाऊण तासाचा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. वधूवर शक्यतो पांढऱ्या कपड्यांत. बौद्धाचार्य किंवा भन्ते आधी वंदना, त्रिसरण, पंचशील देतात. मग दोघांच्या पाच-पाच प्रतिज्ञा, त्या सिगालोवाद सुत्तातून घेतलेल्या. नवऱ्याच्या: सन्मान राखीन, अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घरचा कारभार तिच्या हाती देईन, दागिने देईन. बायकोच्या: काम नीट लावीन, आप्त-परिजनांना सांभाळीन, व्यभिचार करणार नाही, मिळकत जपीन, कामात दक्ष राहीन. (चौथी नवऱ्याकडून स्पष्ट आणि मोठ्याने म्हणवून घ्यायची. तिथं आवाज हटकून बारीक होतो.) मग पुष्पहार, आठ जयमंगल गाथा, भवतु सब्ब मंगलं.

कोर्टाचं: हिंदू विवाह कायदा 'धर्माने बौद्ध' असलेल्यांना लागू आहे, आणि कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रूढ विधीने लग्न लागलं की पुरे. ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथंच सप्तपदीची अट. पण नोंदणी टाळू नका. अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. बौद्धाचार्यांची सही मंडपातच घेऊन ठेवा, नंतर ते दुसऱ्या लग्नाला निघालेले असतात. फोटोत प्रतिज्ञा घेतानाचे एक-दोन असू द्या, नुसते हाराचे नकोत.

कागलकर

झकास. आणि पत्रिकेत मुहूर्त छापायचा का? थोरली मंडळी ऐकंनात.

अत्तदीप

वेळ छापा, मुहूर्त नको. थोरल्यांना नक्खत्त जातक वाचून दाखवा, क्रमांक ४९. शहरातल्या लोकांनी गावातली मुलगी ठरवली, ऐन वेळी एका आजीवकाला (त्या काळच्या एका पंथाच्या साधूला) विचारलं, तो म्हणाला आज नक्षत्र बरं नाही. ते गेले नाहीत. गावकऱ्यांनी दिवसभर वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला दिली. गाथा आहे: 'अत्थो अत्थस्स नक्खत्तं, किं करिस्सन्ति तारका'. काम हेच कामाचं नक्षत्र, तारे काय करणार.

ध_चा_मा

ते २२७ थेरवादाचे, हे सरांनी लिहिलंय, तरी कुणी सगळीकडचे समजू नये. चीन-कोरियातल्या धर्मगुप्तक विनयात भिक्खूंचे नियम २५० आहेत.

कागलकर

११ वाजता छापतो मग. पण ११ म्हंजे आपल्यात साडेबारा हाय, ते त्या आजीवकालाबी बदलता आलं नसतं.